जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत ब्रेक दाबला की इंजिन बंद पडतं, पेडलही कडक झालंय, कार्बोरेटर बदलू का?

नका बदलू, निदान आत्ता तरी नको. तुम्ही लिहिलंय की सकाळी चोक ओढून गाडी मस्त सुरू होते, पंधरा-वीस मिनिटं चालली की सिग्नलला थांबताना बंद पडते, ब्रेकचं पेडल हल्ली खूप जोर लावल्याशिवाय दबत नाही, गाडी जरा जड पण चालते, आणि मेकॅनिक म्हणतोय कार्बोरेटर गेला. मी माझी जुनी गाडी बरीच वर्षं स्वतःच सांभाळतोय, आणि हे सगळं एकत्र वाचल्यावर माझा पहिला संशय ब्रेकच्या बूस्टरवर जातो.

ब्रेक ऑइलची डबी ज्याच्यावर बसते तो मास्टर सिलिंडर, त्याच्या मागे जो मोठा गोल काळा डबा असतो तो बूस्टर, पेडल दाबताना पायाला मदत करणारा. तो इंजिनच्या व्हॅक्यूमवर, म्हणजे हवा ओढण्याच्या जोरावर चालतो, इनटेक मॅनिफोल्डपासून (कार्बोरेटरकडून इंजिनात जाणारी वाट) एक जाड रबरी पाईप त्याच्यापर्यंत जातो. हा पाईप चिरला किंवा बूस्टरच्या आतला डायफ्राम, म्हणजे रबरी पडदा, फाटला की पायाला मिळणारी मदत जाते म्हणून पेडल कडक लागतं, आणि तिथूनच जी फुकटची हवा इंजिनमध्ये शिरते ती कार्बोरेटरमधून आलेलीच नसते, मग तिच्या वाटणीचं पेट्रोल कुठून येणार, मिक्श्चर लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, आणि आयडलिंगला इंजिन दम तोडतं. सकाळी का चालते तर चोकमुळे पेट्रोल जास्त जात असतं, ते ही हवा झाकून टाकतं. चोक आत गेला की दुखणं बाहेर येतं.

आता तपासायचं कसं. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा, कडक झालं की तसंच दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. बूस्टर ठीक असेल तर पेडल पायाखाली थोडं खाली जातं, जागचं हललं नाही तर एक तर व्हॅक्यूम पोचत नाही किंवा बूस्टर गेलाय. मग इंजिन चालू असताना पेडल दाबून धरा आणि कान द्या, पायापाशी सूंऽऽ असा आवाज आला आणि रेस पडली तर डायफ्राम फाटलाय असं समजा. खात्री करायची तर गाडी उभीच ठेवा, हँडब्रेक लावा, चाकांना अडण लावा, मॅनिफोल्डकडचं पाईपचं टोक काढा आणि मॅनिफोल्डचं उघडं पडलेलं तोंड नीट बंद करून इंजिन सुरू करा. आयडलिंग सुधारलं तर चोर सापडला. पण पाईप काढलेल्या अवस्थेत गाडी रस्त्यावर अजिबात न्यायची नाही.

पाईप काढलाच आहे तर आतून ओला आहे का तेही बघा. मास्टर सिलिंडरचं मागचं सील गेलं की ब्रेक ऑइल बूस्टरमध्ये उतरतं आणि इंजिन ते ओढून जाळतं, बाहेर कुठेही थेंब दिसत नाही पण डबीतली लेव्हल कमी होत राहते आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो. असं असेल तर मास्टर सिलिंडरचं काम आधी करा.

गाडी जड चालते त्याचं. चारही चाकं एकेक करून उचला आणि हाताने फिरवून बघा. एखादं घट्ट असेल तर त्याचा ब्लीडिंगचा निपल (ब्रेकमधली हवा काढायचा छोटा स्क्रू) जरा सैल करा, थोडं ऑइल उडून चाक मोकळं झालं म्हणजे आत प्रेशर अडकलंय, बहुतेक वेळा जुना होज पाईप आतून फुगलेला असतो, बाहेरून चांगला दिसला तरी. निपल सोडूनही चाक अडकलेलंच असेल तर कॅलिपर किंवा व्हील सिलिंडर जाम, नाही तर ड्रममधले शू जास्त टाइट. कृपया ब्रेकचे रबरी भाग पेट्रोलने किंवा इंजिन ऑइलने धुऊ नका, रबर फुगून निकामी होतं. ब्रेक ऑइल डबीच्या झाकणावर लिहिलेलंच टाका, आणि दोन वर्षांत बदललं नसेल तर बदलूनच टाका कारण ते हवेतलं पाणी शोषतं, डॉट ३ प्रतीचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान २०५ अंशांना उकळतं पण पाणी धरल्यावर ती मर्यादा १४० पर्यंत येते.

बूस्टर ठणठणीत निघाला तरच पेट्रोलकडे वळा. गाडी बंद पडली की लगेच, इंजिन बंदच ठेवून, एअर फिल्टरचं झाकण काढा आणि कार्बोरेटरच्या घशात बघत हाताने ॲक्सिलरेटरची तार ओढा. आत पेट्रोलची बारीक पिचकारी उडाली पाहिजे. उडाली तर फ्लोटच्या वाटीत, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोल साठणाऱ्या वाटीत, पेट्रोल आहे, मग मी प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या इग्निशन कॉइलकडे बघेन, जुनी कॉइल गरम झाली की दगा देते. कोरडं असेल तर टाकीचं झाकण उघडा, हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि त्यानंतर गाडी सुरू झाली तर झाकणाचं एअरचं भोक बुजलंय. ते नसेल तर फिल्टर, टाकीतला गंज, आणि टाकीपासून पंपापर्यंतचे रबरी पाईप. इथेनॉलवालं पेट्रोल जुन्या रबराला मानवत नाही, पाईपला भेगा पडून पंप पेट्रोलऐवजी हवा ओढतो. इंजिनची डिपस्टिक पण हुंगून बघा, पेट्रोलचा वास आला किंवा लेव्हल वाढलेली दिसली तर मेकॅनिकल पंपाचा डायफ्राम फाटला असण्याची दाट शक्यता आहे, तेव्हा ऑइल बदलल्याशिवाय इंजिन चालवू नका. हे सगळं थंड इंजिनवर आणि जवळ आग नसताना करा, पिचकारी आणि टाकीचं झाकण तेवढं गरमवरच बघावं लागतं म्हणून तिथे जास्त जपा.

आणि एक, लीक काढल्यावर मिक्श्चरचा स्क्रू (कार्बोरेटरवरचा, आयडलिंगचं पेट्रोल कमी-जास्त करणारा) परत सेट करून घ्या. गाडी बंद पडते म्हणून कुणीतरी तो मधल्या काळात सैल करून ठेवलेला असण्याची शक्यता खूप आहे, मग लीक गेल्यावर पेट्रोल जास्त होऊन प्लग काळे पडतील आणि पुन्हा कार्बोरेटरवरच बोट जाईल.