तुमच्या मुलीला मी समजावणार नाही

पत्राचा गोषवारा असा : 'माझी मुलगी पाच वर्षांच्या लॉच्या शेवटच्या वर्षाला आहे. सुट्टीत एका फौजदारी वकिलांकडे इंटर्नशिप केली, तिथे यूएपीएच्या, म्हणजे दहशतवादाचे खटले ज्याखाली चालतात त्या कायद्याच्या, एका जामीन अर्जाची सुनावणी ऐकली आणि घरी येऊन म्हणाली, मला हेच काम करायचंय, आरोपीच्या बाजूने. माझा चुलतभाऊ २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सीएसटीवर होता. वाचला, पण अजून गर्दीच्या स्टेशनात पाऊल टाकत नाही. आमच्या घरात असल्या लोकांची वकिली चालणार नाही, असं मी तिला बजावलंय. अतिरेक्यांच्या खटल्यांतच रस असेल तर यूपीएससी करून एनआयएत, राष्ट्रीय तपास यंत्रणेत, जावं. तिचा अर्जही मी भरायला घेतला होता, ओटीपीवरून तिला कळलं. तीन आठवडे ती माझ्याशी बोलत नाही, ताट खोलीत नेते. मार्क उत्तम आहेत. तुम्ही तिला समजवा.'

नमस्कार.

ओटीपीपासूनच सुरुवात करते. पत्रात तुम्ही ते एका ओळीत उरकलंय, मी मात्र तिथेच अडकून पडले. तेवीस वर्षांची, कायदा शिकलेली तुमची मुलगी. संमती म्हणजे काय, सही म्हणजे काय, हे ती पाच वर्षं शिकतेय. तिच्या आधारवरून, तिच्या नावाने, तिला न विचारता तुम्ही तिचं पुढचं आयुष्य नोंदवायला बसलात, आणि तिला ते कळलं मोबाइलवर आलेल्या सहा आकड्यांवरून. तुम्हाला वाटतंय की ती वकिलीवरून रुसलीय. मला तसं वाटत नाही. घरात आपल्या हो-नाहीला किंमत नाही, हे त्या दिवशी तिला समजलं, आणि तीन आठवडे ताट खोलीत जातंय ते त्यामुळे.

तुमच्या भावाचं मात्र मी मनापासून समजू शकते. त्या रात्री ज्यांच्या घरातलं माणूस स्टेशनात होतं, त्यांना 'आरोपीचे हक्क' हे शब्दच टोचतात, आणि त्यांना भाषण द्यायचा हक्क कुणालाच नाही. म्हणून त्याच खटल्याबद्दल बोलते.

कसाबचं वकीलपत्र घ्यायला मुंबईत सुरुवातीला किती विरोध झाला, हे तुम्हाला आठवत असेल. अखेर न्यायालयाने त्याला वकील दिला. आर्थर रोड तुरुंगातल्या विशेष न्यायालयात खटला चालला आणि मे २०१० मध्ये फाशीची शिक्षा झाली. पुढे सर्वोच्च न्यायालयात त्याच्या बाजूने जे मुद्दे मांडले गेले, त्यातला एक महत्त्वाचा मुद्दा हाच होता की त्याला अगदी सुरुवातीपासून वकील मिळाला नाही. २९ ऑगस्ट २०१२ च्या निकालात न्यायालयाने हा मुद्दा नीट तपासला आणि मग फेटाळला. तो का फेटाळता आला? खटल्यात त्याच्या बाजूने वकील उभा होता म्हणून. त्याच निकालात न्यायालयाने स्पष्ट लिहिलंय की खटल्यात आरोपीला वकील दिला नाही, तर सगळा खटला आणि त्यातली शिक्षा दूषित ठरेल. म्हणजे तुमच्या भावाला जो न्याय मिळाला, तो टिकला त्यात कसाबच्या वकिलांचाही वाटा आहे. सीएसटीवर गोळ्या झाडणाऱ्याची शिक्षा शेवटपर्यंत उभी राहिली, कारण ती मोडून पाहणारा कुणीतरी कोर्टात होता आणि ती मोडली नाही. आणि त्याच खटल्यातले दोन भारतीय आरोपी पुराव्याअभावी सुटले, हेही लक्षात ठेवा.

आता दुसरं टोक बघा. ११ जुलै २००६, पश्चिम रेल्वेच्या लोकलमधले सात स्फोट, १८९ मृत्यू. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवलं, पाच जणांना फाशी सुनावली. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडलं. कबुलीजबाब, ओळखपरेड, जप्त केलेल्या वस्तूंची साखळी, यातलं काहीच न्यायालयाला विश्वासार्ह वाटलं नाही. या निकालाचा दाखला इतर खटल्यांत देता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने लगेच सांगितलं, पण सुटलेल्यांना परत आत धाडलं नाही. एकोणीस वर्षं गेली. ज्यांची माणसं गेली त्यांच्या हातात काय उरलं? तपासातली ढिलाई पहिल्याच वर्षी उघडी पडणं त्या कुटुंबांच्याही हिताचं असतं. ती उघडी पाडायचं काम कोणाचं, ते तुमची मुलगी त्या सुनावणीत बघून आलीय.

तुमच्या पत्रात एक वाक्य आहे : 'कोर्टसुद्धा जामीन देत नाही, म्हणजे काहीतरी केलेलंच असणार.' हा गैरसमज इतका पसरलाय की त्यावर थांबायलाच हवं. यूएपीए मूळचा १९६७ चा. टाडा हा जुना दहशतवादविरोधी कायदा १९९५ मध्ये संपला, त्यानंतरचा पोटा २००४ मध्ये रद्द झाला आणि त्याच वर्षी दहशतवादाची कलमं या कायद्यात आली. जामिनाची कडक अट आली ती २००८ मध्ये, मुंबईवरच्या हल्ल्यानंतर. कलम ४३डी, पोटकलम ५. त्यात न्यायाधीश केस डायरी किंवा आरोपपत्र वाचतात आणि आरोप सकृतदर्शनी खरा मानायला वाजवी आधार दिसला, तर जामीन देता येत नाही. या टप्प्यावर पुरावा तोलून-मापून बघायचा नाही, कागद जसे आहेत तसे धरायचे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये वटाली प्रकरणात सांगितलं. म्हणजे जामीन नाकारताना कोर्ट फक्त एवढंच म्हणतं की पोलिसांनी लिहिलेलं वाचलं तर आरोप बसतो. साक्षीदार अजून पिंजऱ्यात आलेला नसतो, त्याला कुणी उलट प्रश्न विचारलेला नसतो. तो प्रश्न विचारला जाईपर्यंत माणूस पाच-सहा वर्षं आत असू शकतो. म्हणूनच २०२१ मध्ये नजीब प्रकरणात याच न्यायालयाला म्हणावं लागलं की खटला लवकर संपण्याची चिन्हं नसतील आणि कैद लांबली असेल, तर कलम ४३डी असूनही राज्यघटनेच्या आधारे जामीन देता येतो. तेव्हा 'जामीन नाही' याचा अर्थ 'दोषी' असा काढू नका. तुमच्या मुलीसमोरही काढू नका, तिला तो अर्थ चुकीचा आहे हे पक्कं माहीत आहे.

आणि 'असल्या लोकांची वकिली'. वकिलांच्या कुठल्याही संघटनेला 'अमक्याचं वकीलपत्र घ्यायचं नाही' असा ठराव करता येत नाही, मग आरोपी दहशतवादाचा का असेना. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१० मध्ये असे ठराव बेकायदा ठरवले. जो ठराव बार असोसिएशनला करता येत नाही, तो तुम्ही घरात केलात.

एनआयएबद्दल थोडक्यात. यूपीएससी पास झालं की थेट एनआयएत जाता येत नाही. तिथले वरिष्ठ अधिकारी बहुतेक प्रतिनियुक्तीवर येतात, आधी राज्यात वर्षानुवर्षं पोलीस खात्यात काम केलेलं असतं. उपनिरीक्षकाची भरती एसएससी सीजीएलमधून, म्हणजे कर्मचारी निवड आयोगाच्या पदवीधरांसाठीच्या परीक्षेतून होते. वकील म्हणून एनआयएची बाजू मांडायची तर विशेष सरकारी वकील व्हावं लागतं, त्याला किमान सात वर्षांची वकिली लागते. सहायक सरकारी वकिलाची परीक्षा आहे, न्यायाधीशाच्या परीक्षेला २०२५ पासून पुन्हा तीन वर्षांची वकिली लागते. सगळ्या वाटा कोर्टातूनच जातात. ती आज जे मागतेय त्यातून यातली एकही बंद होत नाही.

माझी एक जुनी विद्यार्थिनी यूएपीएच्या आरोपींची वकिली करते. तिच्या टेबलावर एक साधं भिंतीवरचं कॅलेंडर असतं, पानं फाडून शेजारी-शेजारी चिकटवलेली. अटकेच्या तारखेला लाल गोल, तिथून मोजून तिसावा दिवस, नव्वदावा दिवस, एकशे ऐंशीवा दिवस. पोलीस कोठडी एरवी पंधरा दिवसांची, इथे तीस. आरोपपत्राला नव्वद दिवस, सरकारी वकिलाने कारणं देऊन अहवाल दिला आणि कोर्टाला पटलं तर एकशे ऐंशी. पंजाबातल्या एका प्रकरणात ही मुदत वाढवून दिली मॅजिस्ट्रेटने, आणि अधिकार होता विशेष न्यायालयाला. नव्वद दिवसांत आरोपपत्र आलं नव्हतं. म्हणून २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपीला जामीन दिला. मंजुरीच्या तारखाही अशाच. खटल्याला सरकारची परवानगी लागते, तिची शिफारस सात कामाच्या दिवसांत आणि मंजुरी पुढच्या सात कामाच्या दिवसांत यायला हवी. या मुदती पाळाव्याच लागतील, असं न्यायालयाने २०२४ मध्ये सांगितलं. त्या कॅलेंडरवर भाषणबाजी कुठेच नसते, नुसते आकडे असतात. चष्मा कपाळावर सरकवून ती दिवस बोटांवर परत मोजते, कारण एक दिवस चुकला तर एक माणूस आणखी काही वर्षं आत राहतो.

आता मुलीसाठी. हे पत्र तिला दाखवाल, असं धरून लिहिते.

बाळा, एका सुनावणीवर आयुष्य ठरवू नकोस. पहिली तीन-चार वर्षं यूएपीएचं नावही काढू नकोस. सेशन्स कोर्टात खून, दरोडा, मारामारी अशा साध्या केसेसमध्ये उलटतपास शिक. तुझे अनेक इंग्रजी शाळेतले मित्र जिथे अडखळतील, तिथे तू पुढे असशील : आपल्याकडचे पंचनामे, जबाब, स्टेशन डायरी मराठीत असतात, घाईच्या अक्षरात असतात, आणि 'समक्ष' आणि 'समोर' अशा एका शब्दावर साक्षीदार फुटतो. मोबाइलच्या पुराव्याचं तंत्र शीक, आता अर्ध्या केसेस त्यावरच उभ्या असतात. भारतीय न्याय संहितेत २०२४ पासून दहशतवादाचं वेगळं कलम आलंय, ११३, आणि गुन्हा त्याखाली नोंदवायचा की यूएपीएखाली, हे पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी ठरवतो. यावर पुढची काही वर्षं वाद होणार, ते वाच. खटल्याबाहेरची बंधनंही समजून घे : संघटनेवरची बंदी, गोठवलेली खाती, जप्त मालमत्ता, २०१९ पासून खटला न चालवता एखाद्या व्यक्तीला दहशतवाद्यांच्या यादीत टाकण्याची सोय, जामिनावर सुटलेल्याच्या पायातलं जीपीएस. २०२३ मध्ये जम्मूच्या एका न्यायालयाने तसा आदेश दिला होता. अशा कामाला वकील फार थोडे आहेत.

पैसे सुरुवातीला मिळणार नाहीत, हे आत्ताच ऐकून घे. सीनियर जे देतील त्यात प्रवासखर्च निघाला तरी पुष्कळ. कधीतरी एक बाजू बदलून सरकारी वकिलाच्या हाताखालीही बस. ज्यांची माणसं स्फोटात गेली त्यांच्या शेजारी बाकावर बसल्याशिवाय आरोपीची वकिली पुरी कळत नाही. आणि अशा हल्ल्यातून वाचलेलं माणूस तुझ्या घरातच आहे. काकांना त्या रात्रीबद्दल तू कधी विचारलंयस?

आणि दादा, तुमच्याकडून मला दोन गोष्टी हव्यात. एक दिवस तिच्याबरोबर जिल्हा न्यायालयात जा, मागच्या बाकावर बसा, फोन बंद ठेवा, आणि घरी येताना तिला विचारा की त्या सुनावणीत नेमकं काय झालं होतं. मध्ये बोलू नका. दुसरं, यूपीएससीच्या त्या अर्जाचा पासवर्ड आज रात्री तिच्या हातात द्या.