बाबांचा हात धरून केलेली सही

एका वाचक मुलीचं पत्र आहे. वडील ६८ वर्षांचे. जिन्यावरून पडले, मेंदूला मार लागला, चार महिन्यांनी आता घरी आलेत. त्यांच्या नावावर २४ लाखांची ठेव आहे. बँकेतले साहेब म्हणतात, ती मोडून 'हमखास उत्पन्न' योजनेत घाला: सहा वर्षं दरसाल ४ लाख भरायचे, आठव्या वर्षापासून उत्पन्न सुरू. तर घालू का?

नको. मदतनीस, फिजिओथेरपी, वाचाउपचार मिळून महिना ७० हजार जातात, वडिलांचं पेन्शन ३५. म्हणजे वर्षाला सव्वाचार लाखांची तूट. त्यात हप्त्याचे ४ लाख धरा, तीन वर्षांत ठेव साफ. उरलेले तीन हप्ते साहेब भरणार आहेत का? आज पैसा लागतोय त्या घराला आठव्या वर्षापासूनचं उत्पन्न विकणाऱ्याला काय म्हणावं!

पण पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलंय: 'बाबांची सही जुळत नाही, म्हणून पेन त्यांच्या बोटांत देऊन हात मीच फिरवते. तीन फॉर्म झाले.' खरं पत्र इथे सुरू होतं.

हात चालत नसणं वेगळं आणि व्यवहार कळत नसणं वेगळं. नुसता हात अडत असेल तर साक्षीदारांसमोर अंगठा घ्यायची रीत बँकांकडे असते, लपवाछपवीची गरजच नाही. पण तुम्हीच लिहिता, सकाळी बाबा पेपरातली बातमी समजावून सांगतात आणि संध्याकाळी विचारतात, 'आपण कोणाच्या घरी आलोय?' मेंदूच्या दुखापतीत थकवा चढला की स्मरण, निर्णय सगळं ढेपाळतं. अशा माणसाचा हात फिरवून घेतलेली सही ही त्याची संमती नव्हे. तुमचा हेतू स्वच्छ असेलही, पण उद्या भावाने हरकत घेतली तर दाखवणार काय? त्याला अजून काहीच सांगितलेलं नाही, हेही तुम्हीच लिहिलंय.

तेव्हा आधी न्यूरोलॉजिस्टकडे जा. बाबांना पैशाचे व्यवहार समजतात का, हे तपासून लेखी मागा. तपासणी सकाळची घ्या. समजत असेल तर आत्ताच वकिलाकडून मुखत्यारपत्र करा आणि खात्याला दुसरं नाव जोडा. समजत नसेल तर मुखत्यारपत्राचा उपयोग नाही, कारण ते देणाऱ्याची समज शाबूत लागते. मग कोर्टाकडून पालक नेमून घ्यायचा लांबचा रस्ता. कंटाळवाणा आहे, पण तोच आहे.

आणि नोकरी सोडू नका. 'सहा महिन्यांत बाबा पूर्वीसारखे होतील' यावर राजीनामा लिहून ठेवलाय म्हणता. पहिल्या काही महिन्यांत सुधारणा सहसा वेगाने दिसते, पुढे ती संथ होते, कधी वर्षानुवर्षं थोडीथोडी चालू राहते, आणि पूर्वीसारखं होणं कोणीच लिहून देत नाही. तुमचा पगार ६० हजार, दिवसाचा मदतनीस २० हजारांत येतो. ४० हजारांवर पाणी सोडून तुम्ही जे करणार, त्यातलं बरंचसं तो करतो. बिनपगारी रजा मागा, अर्धवेळ मागा. राजीनामा खणातच राहू द्या.

ठेव मोडायची तर एकदम नको. एक वर्षाच्या तुटीइतकी रक्कम हाताशी, बाकीची वेगवेगळ्या मुदतींच्या ठेवींत. तेही कागद नीट झाल्यावर.

पैसे सोमवारी वळते होणार म्हणता. त्याआधी बँकेत जा आणि ते तीन फॉर्म परत मागा. भावाला सोबत न्या.