मीठ पाण्यात वितळत नाही, आणि 'आयन' परका नाही

ऐरोलीच्या एका ताईंनी विचारलंय, दहावीतल्या मुलीच्या वहीत 'मीठ पाण्यात वितळलं की त्यातून वीज वाहते' असं लिहिलंय ते बरोबर आहे का, आणि 'आयन'ला चांगला मराठी शब्द नाही का.

ताई, वाक्य साफ चूक. हे 'वितळणं' मी रोज ऐकतो, रेसिपीच्या व्हिडिओत 'साखर पाण्यात वितळू द्या', क्लासमधले सर पण तेच बोलतात, ऐकून डोकं फिरतं. लोणी वितळतं, मेण वितळतं. मीठ पाण्यात विरघळतं. नुसतं मीठ वितळवायचं तर ८०१ अंश सेल्सिअसपर्यंत तापवावं लागतं. वीज दोन्हीतून वाहते हे खरं, पण वितळलेल्या मिठातून सोडली तर ऋणाग्रावर, म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेल्या कांडीवर, सोडियम धातू मिळतो, आणि मिठाच्या पाण्यातून सोडली तर तिथे हायड्रोजन सुटतो. एक क्रियापद चुकलं की धातूच्या जागी वायू!

आता आयन, म्हणजे विद्युतभार असलेला अणू किंवा अणूंचा गट. शुद्ध मराठीचा आग्रह धरणारे म्हणतात 'विद्युतभारित कण' लिहा. मला हे अजिबात पटत नाही. इलेक्ट्रॉन पण विद्युतभारित कणच की, मग तांब्याच्या तारेत इलेक्ट्रॉन पळतात आणि मिठाच्या पाण्यात आयन, हा फरकच पुसला जातो. आणि मुळात शब्द परका कुठे आहे? १८३४ मध्ये विजेवर प्रयोग करणाऱ्या मायकेल फॅरेडेला नवे शब्द हवे होते, केंब्रिजच्या विद्वान विल्यम ह्यूएलने ग्रीकमधून 'इऑन' सुचवला, अर्थ 'जाणारं', तेही आपल्या 'जाणारं'सारखंच नपुंसकलिंगी. त्या ग्रीक क्रियापदाचा सख्खा भाऊ म्हणजे संस्कृतचा 'इ' धातू, एति म्हणजे जातो, आणि त्यावरूनच 'अयन', जाणं किंवा वाट. उत्तरायणातलं अयन ते हेच! ग्रीकांनी आपल्याकडून शब्द चोरला असे मेसेज फिरतात ते खोटे आहेत, दोघांचं मूळ एक, एवढंच.

म्हणून माझं तर ठाम मत आहे की 'आयन' न लिहिता सरळ 'अयन' लिहावं. संधी करून बघा, धन + अयन = धनायन (धनभार असलेला), ऋण + अयन = ऋणायन (ऋणभार असलेला), या रूढ शब्दांचं एक अक्षर बदलत नाही. आणि अर्थ तर इतका चपखल बसतो की बास. खाडीकाठच्या मिठागरातला मिठाचा खडा पूर्ण कोरडा असेल तर त्यातून वीज वाहणार नाही, कारण आतले आयन आपापल्या जागी जखडलेले, आणि शेजारच्या खाडीच्या पाण्यातून वाहील, कारण तिथे ते सुटे झालेत, धनायन ऋणाग्राकडे जातात, ऋणायन धनाग्राकडे. जाता आलं तरच वीज, आणि शब्दाचा अर्थच 'जाणारं'. फॅरेडेला वाटायचं की वीज सोडल्यावर आयन तयार होतात, ते पाण्यात आधीपासूनच सुटे असतात हे नंतर स्वीडनच्या अर्हेनियसने मांडलं, त्याला १९०३ चं नोबेल मिळालं. पण शब्द टिकला तो फॅरेडेच्या वेळचाच.

अजून एक, 'ऋणायण' लिहिलेलं बघितलंय मी, ते नको. उत्तरायणात र मुळे न चा ण होतो, तसा तो ऋ किंवा ष मुळेही होतो, पण ऋणायनात ऋ आणि शेवटचा न यांच्यामध्ये आधीच एक ण बसलाय, तो आड येतो. दक्षिणायनात क्ष मधल्या ष चं पण तसंच, म्हणून तिथेही शेवटी न च.