एनेमी टेरिटरी नवीन खेळणार असशील तर
भावा, वुल्फेन्स्टाइन एनेमी टेरिटरी ही दोन टीमची ऑनलाइन शूटिंग गेम २००३ ला आली तेव्हापासूनच फुकट आहे, २०१० ला सोर्स कोड पण खुला झाला, म्हणून तू सरळ ईटी लेगसी (त्याच कोडवर बनलेली नवी आवृत्ती) टाक, जुन्या लॅपटॉपवर पण पळते. सुरुवातीला मेडिकचा (जखमींना सावरणारा) रोल घे, नेम नाही लागला तरी पडलेल्याला सुई टोचून उठवलं की एक्सपी (अनुभवाचे पॉइंट) मिळतो. सगळे सोल्जर बनून मिरवतात आणि डायनामाइट लावायला इंजिनिअरच नसतो (आपल्या नाशकात इंजिनिअर कमी आहेत का!). डायनामाइट ठेवून पक्कडीने आर्म (चालू) केलं की ते फुटेपर्यंत पुढचे ३० सेकंद तिथं कुणाला फिरकू द्यायचं नाही, समोरचा इंजिनिअर येऊन ते निकामी करतो ना. इथून युरोपच्या सर्व्हरवर पिंग (सर्व्हरच्या उत्तराला लागणारा वेळ) चढतो, म्हणून आधी बॉटसोबत (कॉम्प्युटर चालवतो ते खेळाडू) मॅप पाठ कर, मग रविवारी सिडकोतल्या पोरांसोबत लॅनवर (एकाच लोकल नेटवर्कवर) बसू.