ओल्या वाळूत डिटेक्टर किंचाळतो तेव्हा

अलिबागला ओहोटीच्या वेळी जुनी नाणी शोधताना कोरड्या पुळणीवर मेटल डिटेक्टरचं मशीन शांत होतं, ओल्या वाळूत उतरताच किंचाळायला लागलं, म्हणून डिस्क्रिमिनेशन (नको त्या धातूंचे आवाज बंद करायची सोय) वाढवलं आणि मग कॅनच्या तुकड्यांशिवाय काहीच हाती लागलं नाही, असं तुम्ही लिहिलंय. हे दुखणं माझ्या चांगल्या ओळखीचं आहे. मशीन बिघडलेलं नाही, विकायला काढू नका.

खाऱ्या पाण्यातून वीज वाहते. एकाच फ्रिक्वेन्सीच्या मशीनला ती ओली वाळूच धातू वाटते आणि तिचा आवाज पडद्यावर फॉइलच्या आकड्यांजवळ उमटतो (प्रत्येक धातूला मशीन एक आकडा दाखवतं). ते आकडे बंद केलेत की चांदीची बारीक, पातळ नाणीही त्यांच्यासोबत जातात. लोखंडाचे बंद केलेत तर आजची स्टीलची रुपया-दोन रुपयांची नाणी गप्प होतात. ती नकोशी असतील, पण समुद्र जड वस्तू कुठे आणून टाकतोय हे तीच सांगतात.

तेव्हा डिस्क्रिमिनेशन शून्यावर आणा. ग्राउंड बॅलन्स, म्हणजे जमिनीचा स्वतःचा आवाज मशीनला वगळायला लावणं, ओल्या वाळूतच करा, धातू नसलेल्या जागी, कॉइल (मशीनची खालची गोल तबकडी) 30 सेंटिमीटरवरून 5 पर्यंत खाली-वर करत. मग आवाज थांबेपर्यंत सेन्सिटिव्हिटी, म्हणजे मशीनची संवेदनशीलता, उतरवा. थोडी खोली कमी होते, होऊ दे. चाल पाण्याच्या रेषेला समांतर ठेवा. ओल्या-कोरड्यात येजा केली की बॅलन्स गेलाच. कॉइलच्या कव्हरमध्ये अडकलेली वाळूही खोटं बोलते, ते काढून धुवा. रत्नागिरीकडच्या काळ्या इल्मेनाइट (लोहयुक्त खनिजाच्या) वाळूत मात्र एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सींवर चालणारं मल्टी-फ्रिक्वेन्सी मशीनच घ्यावं असं माझं मत. विजेचे झटके सोडून धातू शोधणारं पल्स इंडक्शन मशीनही चालतं, पण लोखंड वगळता येत नसल्यानं प्रत्येक खिळा उकरावा लागतो.

तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हे कोकणात सांगायला नको. पौर्णिमा-अमावास्या पंधरावी तिथी, म्हणून भरती सव्वाअकराच्या सुमारास आणि त्यानंतर सहाएक तासांनी मोठी ओहोटी, सकाळ-संध्याकाळ साडेपाच-सहाच्या सुमारास. दोन तास आधी उतरा, पाण्याच्या मागे मागे जा, पाणी वळलं की तुम्हीही वळा. अलिबागसमोरचा कुलाबा किल्ला संरक्षित स्मारक आहे, तटाजवळ मशीन चालूच करू नका.

आता कायदा. मी वकील नाही. पण 1878 च्या निखात निधी (पुरलेल्या धनाच्या) कायद्यानुसार जमिनीत दडलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं: काय, किती, कुठे, कधी. दहा रुपये! आणि प्रामाणिकपणे कळवायला जावं तर एका कचेरीत तीन टेबलांवर तीन उत्तरं: पुरातत्त्वकडे जा, पोलिसांकडे जा, साहेब दौऱ्यावर आहेत. या हेलपाट्यांइतका मनस्ताप मशीननं कधी दिला नाही. तोंडी काही बोलूच नका. अर्ज दोन प्रतींत न्या, आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. तोवर नाणी पितांबरीनं घासू नका, सुकवूही नका. गोड्या पाण्यात ठेवा आणि पाणी रोज बदला. आत मीठ राहिलं तर तांबं हिरवं पडून भुकटी होतं.