पहिली पुल रिक्वेस्ट (आपले बदल मूळ कोडमध्ये घ्या अशी विनंती) पाठवण्याआधी

लॅम्प्समध्ये, म्हणजे अणूंच्या हालचाली संगणकावर घडवून बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये, नवं पेअर पोटेन्शियल (दोन अणूंमधल्या अंतरावरून त्यांची ऊर्जा सांगणारं सूत्र) घालायचंय म्हणतोस, फार छान. पण आधी चाचणी लिही. दोनच अणू घे, त्यांच्यातलं अंतर थोडं थोडं बदलत जा आणि ऊर्जेच्या उतारावरून काढलेलं बल तुझ्या कोडमधल्या बलाशी जुळतंय का बघ. इथे चिन्ह चुकलं तर पुढे हजारो अणूंत ते शोधताना जीव मेटाकुटीला येतो. एककंही तपास: लॅम्प्सच्या 'रिअल' या एकक-पद्धतीत वेळ फेम्टोसेकंदात, 'मेटल'मध्ये पिकोसेकंदात. प्रोसेसरची संख्या बदलल्यावर शेवटचे अंक हलले तर घाबरू नकोस. बेरजेचा क्रम बदलला की फ्लोटिंग पॉइंटमध्ये, म्हणजे संगणकाच्या मर्यादित अंकांच्या गणितात, एवढं होतंच. रिक्वेस्ट छोटी ठेव, डेव्हलप ब्रँचवर (नवे बदल जिथे गोळा होतात त्या कोडच्या शाखेवर) पाठव. रिव्ह्यूत 'हे समीकरण कुठलं?' असं विचारलं तर मनाला लावून घेऊ नकोस, शोधनिबंधाचा संदर्भ कॉमेंटमध्ये टाक.