गोव्याच्या पावसात ड्रायरचं बिल कसं आवरावं?

तुम्ही विचारलंय की ड्रायर घेतल्यापासून पावसाळ्यात बिल फुगतं, तर मशीन बदलायचं की वापरायची पद्धत. मी फोंड्यात राहतो, चौथा पावसाळा ड्रायरवर काढतोय. माझं उत्तर: आधी पद्धत.

आपल्याकडे सेमी-ऑटोमॅटिकच्या पिळायच्या टबालाही ड्रायरच म्हणतात. तुमचा गरम हवेचा असणार. पण खरी बचत त्या पिळण्यातच आहे. एक लिटर पाण्याची वाफ करायला साधारण 0.65 युनिट उष्णता लागतेच, हीटरवाल्या ड्रायरची त्यातून सुटका नाही. तेच पाणी गरगर फिरवून काढलं तर वीज नगण्य. पाच किलो सुती कपडे मिनिटाला 800 फेऱ्यांवर पिळले तर साडेतीन लिटरच्या आसपास पाणी उरतं, 1200 वर अडीच-पावणेतीन. म्हणजे वॉशिंग मशीनचं एक बटण दाबून दर घाण्याला अर्धा-पाऊण युनिट वाचतं. आमच्याकडे दोन वर्षं ते बटण 800 वरच होतं, कुणी बघितलंच नाही.

दुसरं, सगळं काम ड्रायरवर टाकू नका. कपडे रात्रभर पडवीत पंख्याखाली घाला. साधा पंखा 75 वॅटचा, आठ तासांत 0.6 युनिट. जुलैच्या हवेत कपडे पूर्ण वाळणार नाहीतच, सुती कापड हवेतला दमटपणा धरून ठेवतं. कुबट वास येतो तो त्याचाच. तेवढं शेवटचं काम ड्रायरचं, अर्ध्या तासाचं. टायमर लावू नका, ओलावा ओळखणारा मोड असेल तर तोच. टॉवेल आणि पातळ सदरे एकत्र घातलेत तर टॉवेलपायी सदरे उगाच भाजत राहतात.

जाळीवरचा कापसासारखा थर दर वेळी काढायचा, हे माहीत असेलच. बाहेर जाणाऱ्या पाइपाकडे मात्र कुणी बघत नाही. एका चवथीच्या आधी, घरात पाहुण्यांच्या चादरींचा ढीग, आणि आमचा ड्रायर दोन दोन तास चालूनही कपडे ओलेच. मेकॅनिक हीटर बदला म्हणाला. मी पाइप काढून बघितला तर तोंडाशी कुंभारमाशीचं मातीचं घर! ते खरवडलं आणि मशीन पूर्ववत. पाइप आखूड आणि सरळ ठेवा, आणि वाफ घरातच सोडू नका, भिंतींना बुरशी धरते.

हीट पंपवाला ड्रायर वाफेतली उष्णता परत वापरतो, म्हणून वीज जवळपास निम्मी. पण महाग आहे. वर्षातले चारच महिने वापरणार असाल तर चालू मशीन काढून तो आणू नका. आताचा बिघडला की घ्या.